दारापुढची कंबरमोडी

एक माणूस सहा महिने ज्याची वाट पाहत होता ते मी एका शनिवारी पावणेदोन तासांत उपटून टाकलं. नुसतं उपटून थांबलो असतो तर पुढे चित्रगुप्तासमोर काही बोलता तरी आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जाऊन मी त्या जागी सडा घातला. बायकोकडून, म्हणजे पूर्णिमाकडून, रांगोळी काढून घेतली. चौकटीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, समोर प्लास्टिकच्या बारा खुर्च्या मांडल्या आणि मधल्या खुर्चीवर सोनेरी काठांचा टॉवेल पसरून ठेवला. ती सत्कारमूर्तीची खुर्ची.

सत्कारमूर्ती म्हणजे शालिग्राम वैरागडे. रेल्वेच्या छोट्या लाइनीवरचे निवृत्त चाबीवाले, वय चौसष्ट, मुक्काम बीरगांव, लेकीकडे. या माणसाला आयुष्यात कोणी सत्कारमूर्ती म्हटलं नव्हतं. म्हणावं अशी त्यांची इच्छाही नव्हती. इच्छा माझी होती.

माझा हा आजार आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमचं एक मराठी स्नेहवर्धक मंडळ आहे आणि चौदा वर्षं मी त्याचा सेक्रेटरी आहे. चौदा वर्षं शाली वाटल्यावर माणसाची नजर बिघडते. रस्त्यात कोणी भेटला की त्याच्या तब्येतीऐवजी आधी त्याचे खांदे दिसतात. कोणाचा मुतखडा पडला, कोणाची पोट्टी बारावी पास झाली, कोणी नवी स्कूटर घेतली, की झालीच माझी तयारी. पूर्णिमा म्हणते, "तुमच्या हाती नारळ आला की तुम्ही डोकं शोधत फिरता." आणि सत्कार म्हटला की जागा साफ पाहिजे. फोटो निघणार असेल तर आणखी साफ. आमच्या मंडळात कोणाच्या घरी फोटोवाला येणार असला तर आधी झाडू येतो, मग माणसं अंघोळी करतात.

तर या वैरागडेभाऊंची आणि माझी ओळख झाली तीही फोटोवरूनच. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एक पिठाची गिरणी बारा-पंधरा वर्षं बंद पडून आहे. मालकीवरून भावाभावांत भांडण, म्हणून कुलूप. एका सकाळी बघतो तर एक उंच, काटकुळा, उन्हाने रापलेला माणूस गिरणीसमोर रस्त्याच्या मधोमध उभा. हातात साबणाच्या वडीएवढा चंदेरी कॅमेरा. मागे दोन रिक्षा आणि एक दूधवाला हॉर्न वाजवून राहिलेत, पण हा माणूस काही हलत नाही. एकदा डावीकडे सरकला, एकदा उजवीकडे, गिरणी अगदी सरळ समोर आली तेव्हा खटका दाबला. मग भिंतीपाशी जाऊन उकिडवा बसला आणि पायरीच्या फटीतून उगवलेल्या टाकळ्याच्या पिवळ्या फुलाचा फोटो काढला.

मला वाटलं, महानगरपालिकेचा माणूस असावा. राजधानी झाल्यापासून इथे कोणी भिंतीकडे दोन मिनिटं पाहिलं की घरमालकाच्या पोटात गोळा येतो. मी पुढे होऊन अदबीने विचारलं, "साहब, तोड़ने वाले हैं क्या?"

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या कपाळावरच्या गंधाकडे पाहिलं. "मराठी ना तुम्ही?"

"हो."

"मंग मराठीत भ्या ना."

ही पहिली भेट. दुसऱ्या भेटीत मी त्यांना चहा पाजला, तिसऱ्या भेटीत मंडळाचा फॉर्म पुढे केला. फॉर्म त्यांनी घडी करून खिशात ठेवला, आणि मला वाटतं तो अजून त्याच खिशात असेल. मला मात्र ते 'सेक्रेटरी' म्हणायला लागले, आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर आले. मी त्यांना भाऊ म्हणायचो.

त्यांची काम करायची एक पद्धत होती. बंद पडलेली, सोडून दिलेली इमारत शोधायची. अशा इमारतींना आमच्याकडे आता तोटा नाही. नव्या राजधानीकडे एकेक ऑफिस उठून गेलं आणि मागे रिकाम्या खोल्या उरल्या. सगळं रायपूर रविवारी मुलाबाळांना घेऊन नव्या इमारती पाहायला जायचं, तेव्हा हा माणूस जुन्या पाहायला निघायचा. शंकर नगरातलं रिकामं गोदाम, कुठली तरी बंद पडलेली जनावरांची दवाशाळा, एक पाणी नसलेली पाण्याची टाकी. प्रत्येकीचे दोनच फोटो. एक अगदी समोरून, ओळखपत्राला काढतात तसा. दुसरा तिथेच उगवलेल्या एखाद्या फुलाचा. दोन्ही फोटो धुऊन आणायचे आणि अल्बमात समोरासमोरच्या पानांवर चिकटवायचे: डाव्या पानावर इमारत, उजव्या पानावर तिचं फूल. खाली शाळकरी अक्षरात नाव. 'बंद गिरणी, तात्यापारा. टाकळा.' 'टपालाचं जुनं घर. घाणेरी.' 'तलावाकडचा पंप. बेशरम.'

बेशरमाचं फूल पाहून मी म्हटलं, "भाऊ, हे काय, बेशरमाचा फोटो? गुलाब, मोगरा, जास्वंद काही नाही?"

"त्याइले पाणी घालाले लोकं आहेत ना," ते म्हणाले. "ज्याले कोणी पाणी घातलं नाही, लावलं नाही, तेच घेतो मी. लावलेलं चालत नाही."

त्या कॅमेऱ्याचीही एक गंमत होती. लेकीने, स्नेहलने, दिलेला होता तो. फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख यायची, पण आतलं काही तरी बिघडल्यामुळे सेल बदलले की तारीख पहिली जानेवारी दोन हजार पाचवर जाऊन बसायची. म्हणजे अल्बमातल्या सगळ्या इमारती दोन हजार पाच सालच्या. मी म्हटलं, "भाऊ, चुकीची तारीख येऊन राहिली. माझ्या ऑफिसातला पोट्टा दोन मिनिटांत नीट करून देईल."

"माहीत आहे मले," म्हणून त्यांनी कॅमेरा खिशात घातला. मी गरीब बिचारा समजलो की त्यांना पोट्ट्यावर विश्वास नाही.

आता चाबीवाला म्हणजे काय ते सांगतो. रायपूरहून धमतरीला एक छोटी लाइन जायची. दोन रुळांमधलं अंतर एवढं कमी, की गाडी समोरून आली तर खेळण्यातली वाटावी. ती इतकी सावकाश जायची की माझ्या मामांची चप्पल एकदा खाली पडली, तर उतरून, चप्पल घालून, ते पुढच्याच डब्यात चढले, असं ते सांगत. रूळ खालच्या आडव्या पट्ट्यांना लोखंडी चाव्यांनी धरून ठेवलेले असतात. गाडीच्या हादऱ्याने चाव्या सैल होतात. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून, कमरेला लाल-हिरवी झेंडी खोचून, आपल्या वाटणीची लाइन पायी चालायची आणि सैल झालेली प्रत्येक चावी ठोकून घट्ट करायची, हे चाबीवाल्याचं काम. तुमसरकडचा एक वीस वर्षांचा पोट्टा या कामावर लागला आणि चाळीस वर्षं चालला. चावी ठोकायची ती ठोकायचीच, शिवाय गँगबरोबर रुळांतलं गवतही काढायचं. गवत रेल्वेचं दुश्मन. पाणी धरून ठेवतं, चाक घसरतं, साप निघतात. म्हणजे आज अल्बमात जी फुलं आहेत, टाकळा, कंबरमोडी, माका, आघाडा, ती सगळी वैरागडेभाऊंनी चाळीस वर्षं मुळासकट उपटलेली.

तेलीबांध्याच्या पुढे लाइनीला लागून त्यांचं क्वार्टर होतं. दोन खोल्या, पिवळा चुना, दारावर काळ्या रंगात चौदा नंबर. त्या चौदा नंबरात शांताबाई लग्न होऊन आल्या आणि तीस वर्षं राहिल्या. पुढची हकिकत मला स्नेहलने सांगितली, पण ती इथेच सांगितलेली बरी.

शांताबाईंना दारापुढची कंबरमोडी आवडायची. कंबरमोडी म्हणजे कोणी मुद्दाम वळून पाहावं असं फूल नाही. एका लांब, बारीक दांड्यावर बटणाएवढं पिवळं, कडेला चार-पाच पांढऱ्या पाकळ्या. वारा आला की सगळी एकदम माना हलवतात. तीही पायरीच्या फटीतून यायची आणि उन्हं चढली की उघडायची. गडी कामावर, पोर शाळेत, दिवसातून चार गाड्या. शांताबाईंना बोलायला तेवढंच कोणी होतं म्हणा. पण दर रविवारी वैरागडेभाऊ दारापुढे बसून ती एकूणएक उपटायचे. सोमवारी सकाळी रुळांवरून इन्स्पेक्टरची ट्रॉली यायची. कधी तरी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, त्या ट्रॉलीवरच्या कोण्या साहेबाने चौदा नंबरासमोर थांबून 'क्वार्टर के सामने घास' असा शेरा मारला होता. साहेब बदलले, ट्रॉल्या बदलल्या, पण शेरा भाऊंच्या अंगातून गेला नाही.

"काहो," शांताबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या राहून म्हणायच्या, "रेल्वेचं गवत उपटा तुम्ही. माह्या दारातलं काहून उपटता?"

"दार बी रेल्वेचंच आहे," भाऊ म्हणायचे.

"एक तं राहू द्या. एवढंसं."

"पुढच्या रविवारी पाहू."

पुढच्या रविवारी परत तेच. उपटून झालं की शांताबाई त्या उघड्या पडलेल्या मातीवर सडा घालायच्या आणि रांगोळी काढायच्या. भांडण असं कधी झालं नाही. दोन हजार अकराच्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली. भाऊंनी रजेचा अर्ज लिहिला, तो मंजूर होऊन येईपर्यंत अर्जातलं कारणच संपलं होतं. दोन वर्षांनी भाऊ निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, बीरगांवला स्नेहलकडे आले. तिचा नवरा तिथल्या कारखान्यात आहे. बापाचं मन रमावं म्हणून तिने कॅमेरा आणून दिला.

मग दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात छोटी लाइन बंद झाली. त्या जागेवरून नव्या राजधानीकडे जाणारा मोठा रस्ता होणार होता. रूळ उचलले गेले, क्वार्टरं रिकामी झाली. भाऊ चौदा नंबर पाहायला गेले तेव्हा दारापुढे नुसती टणक माती होती. त्या दिवशी त्यांनी फोटो काढला नाही. आता तिथं उपटणारं कोणी उरलं नव्हतं, आणि त्यांनी ठरवलं की वाट पाहायची.

दर रविवारी बीरगांवहून शेअर ऑटोने यायचे, पाहायचे, परत जायचे. पावसात कंबरमोडी पहिल्यांदा नळापाशी आली. पोळ्याला भिंतीच्या कडेने सरकली. दसऱ्याला पायरीच्या फटीत शिरली. दिवाळीनंतर उंबऱ्यापर्यंत पोचली आणि कळ्या धरल्या. तोवर क्वार्टर पाडायची तारीखही लागली होती. मंगळवार. मधे एकच रविवार.

यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. गुरुवारी भाऊ माझ्या शंकर नगरच्या ऑफिसात आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "रविवारी आमच्या क्वार्टरचा फोटो घेऊन राहिलो. सकाळी नवाले. मंगळवारी पाडतात. तुले यायचं असंल तं ये."

या माणसाने कधी कोणाला कुठे बोलावलं नव्हतं. मला एकदम भरून आलं. आणि मला भरून आलं की काय होतं ते तुम्हाला आता माहीत आहे.

शनिवारी दुपारी मी मंडळाच्या माळ्याला, भैय्यालालला, घेऊन गेलो. पाहतो तर दाराला गुडघाभर रान. दाराचा खालचा भाग दिसत नाही, पायरी दिसत नाही. मी मनात म्हटलं, एवढी वर्षं इमानाने नोकरी केलेला माणूस, त्याच्या घराचा शेवटचा फोटो, आणि घर असं? फुलाचा फोटो तो वेगळा काढतोच की, आणि फुलं काय, लाइनीच्या पलीकडे ढिगाने उभी होती. मला वाटलं, घराच्या फोटोत घर दिसलं पाहिजे.

भैय्यालाल शहाणा माणूस. खुरपं हातात घेऊन पायरीपाशी थबकला आणि हे राहू देऊ का, म्हणून छत्तीसगढीत विचारलं. "भैया, एमा फूल धरे हे. रहन दंव का?"

"अरे, कंबरमोडी आहे रे. कमल का फूल है क्या? निकाल."

"हव," म्हणून तो बसला. पण त्याचा हात पायरीपाशी सावकाश चालायला लागला, तेव्हा मीच पँट वर करून बसलो. मंडळाच्या कामात मी मागे राहत नाही. उंबऱ्यातली शेवटची झुडपं माझ्या या हातांनी उपटली. उपटताना फटीतला पत्र्याचा तुकडा बोटाला लागला आणि रक्त आलं. भैय्यालालने उपटलेल्या ढिगातली चार पानं घेतली, तळहातावर चुरगळली आणि रस बोटावर पिळला. रक्त थांबलं. पानं कंबरमोडीचीच. मग आम्ही तो ढीग लाइनीकडेला नेऊन जाळला.

रविवारी पावणेनऊला मंडळाचे अकरा जण खुर्च्यांवर. अध्यक्ष गुलाबराव कोसा सिल्कच्या जाकिटात. नऊला ऑटो थांबला. भाऊ आणि स्नेहल उतरले. भाऊंनी इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता, नोकरीतला. केस तेल लावून चापून बसवलेले. हातात कॅमेरा. अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या.

भाऊ टाळ्यांकडे पाहत नव्हते. ते पायरीकडे पाहत होते. मला वाटलं, माणूस भारावला.

ते चालत दारापाशी आले. रांगोळीला वळसा घालून पायरीवर उकिडवे बसले आणि फटीत बोट घालून पाहिलं. मग माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "कुठं टाकलं?"

"काय भाऊ?"

"उपटलं ते."

"जाळलं की! कचरा ठेवला नाही कुठे. चकाचक," मी म्हटलं. अजूनही मी शाबासकीच्या आशेवर होतो, हे लिहिताना कान गरम होतात.

त्यांची नजर माझ्या बोटावर गेली. पट्टीच्या कडेने हिरवा डाग दिसत होता. "कंबरमोडी लावली का?"

"हो. लगेच रक्त थांबलं."

"थांबते," ते म्हणाले.

स्नेहलने मला बाजूला घेतलं. पोट्टी मराठी सगळं समजते, बोलते हिंदी. "अंकल, ये आपने क्या किया? पापा छह महीने से इसी फूल के लिए आ रहे थे।" आणि शांताबाईंची, रविवारची, पुढच्या रविवारची सगळी हकिकत तिने मला तिथे, सोनेरी काठाच्या टॉवेलशेजारी उभं राहून सांगितली. मी नारळ हातात धरून ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा तो नारळ कोणाच्या डोक्यावर जायला हवा याबद्दल मला काही शंका उरली नाही.

मी धावत भाऊंकडे गेलो. "भाऊ, पलीकडे आहे, भरपूर आहे. मातीसकट काढून आणतो, इथे लावतो. दहा मिनिटांत. कोणाला कळणार नाही."

"लावलेली नको," ते म्हणाले.

मला वाटलं, आता ते निघून जातील. पण मंडळाचे अकरा जण लांबून आले होते, त्यांना काय सांगणार? भाऊ टॉवेलवर जाऊन बसले. शाल घेतली. नारळ घेतला. गुलाबराव वीस मिनिटं बोलले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून छान बोलले. शेवटी आवाज चढवून म्हणाले, "मित्रांनो, ज्या माणसाने चाळीस वर्षं रुळावर गवताची एक काडी ठेवली नाही, त्याचं दार आज आपण त्याला शोभेल असं स्वच्छ करून दिलं!" टाळ्या पडल्या. भाऊ मांडीवरच्या नारळाची शेंडी बोटाने नीट करत होते. मी आजवर दीडशेवर सत्कार केले असतील. सत्काराच्या खुर्चीत इतका एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सगळे पोहे खायला मागच्या बाजूला गेले तेव्हा भाऊ उठले. शाल घडी करून स्नेहलकडे दिली. दारासमोरच्या खुर्च्या एकेक करून बाजूला केल्या, मला हात लावू दिला नाही. मग समोर जाऊन उभे राहिले. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे. तोरण, चौदा नंबर, सारवल्यासारखी स्वच्छ पायरी, खाली सडा-रांगोळी. खटका दाबला. फुलाच्या फोटोसाठी बसायला उगाच एक पाऊल पुढे गेले, आणि तिथेच थांबले.

मंगळवारी मी ऑफिसला दांडी मारून गेलो. का गेलो, सांगता येत नाही. जेसीबीला चौदा नंबर पाडायला गुलाबरावांच्या भाषणाएवढाच वेळ लागला. भाऊ आले नव्हते.

त्यानंतर माझे काही रविवार बीरगांवला जाण्यात गेले. भाऊ बोलायचे, नाही असं नाही. स्नेहल चहा करायची. पण ते आता इमारती पाहायला जात नव्हते. कॅमेरा टीव्हीवर पडलेला असायचा. "पापा बाहर ही नहीं निकलते," स्नेहल सांगायची. मी आपल्या मोबाइलवर ठिकठिकाणच्या कंबरमोडीचे फोटो काढून त्यांना दाखवायला न्यायचो. तलावाकाठची, कॉलेजच्या कुंपणातली, आमच्या ऑफिसच्या सायकल स्टँडमधली. ते चष्मा लावून एकेक पाहायचे आणि फोन परत द्यायचे. एकदा म्हणाले, "हललेला आहे." तेवढीच त्या वर्षातली माझी कमाई.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा अल्बम खाटेवर होता. मी सहज चाळायला घेतला, आणि शेवटच्या भरलेल्या पानावर थांबलो. डाव्या पानावर चौदा नंबर. तोरण, रांगोळी, एक काडीही नसलेली पायरी. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत पहिली जानेवारी दोन हजार पाच. खाली शाळकरी अक्षरात 'आमचं घर'. उजवं पान कोरं. तिथे फोटो चिकटवायचे चार कागदी कोपरे मात्र नीट लावून ठेवलेले होते, रिकामे.

माझ्या हातातला तिळगूळ तसाच राहिला. त्या फोटोतली प्रत्येक वस्तू माझी होती, आणि त्यात माझ्या मूर्खपणाशिवाय मला काही दिसेना.

"भाऊ," मी म्हटलं, "दुसरं काय म्हणाल ते करतो, पण हा फोटो ठेवू नका. पाहवत नाही. फाडून टाका हा."

भाऊंनी माझ्या हातातून अल्बम काढून घेतला, बाहीने ते पान पुसलं आणि मिटून उशाला ठेवला.

"काहून फाडू? शांतीनं तं जन्मभर हेच पाह्यलं."